चौथीच्या मुलांना 'ऊर्जा' शिकवायला काय घेऊ? बजेट ६०० रुपये

चौथीच्या_बाई
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातच एका प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात ३४ मुलं. पुढच्या आठवड्यात 'ऊर्जा' घ्यायची आहे. खिशातले ६०० रुपये घालणार आहे, त्यावर एक रुपयाही जमणार नाही. तक्ता आहे, त्यावर सूर्य, पवनचक्की, धरण सगळं आहे, पण मागच्या वर्षी मुलांनी त्यावरची नुसती नावं पाठ केली.

खरी अडचण पुढेच आहे. मी फळ्यावर लिहिलं होतं, 'ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते.' शेजारच्या भिंतीवर 'वीज वाचवा' रंगवलेलं. एका मुलीनं हात वर केला, "बाई, नष्टच होत नाही तर वाचवायची कशाला?" मी "उद्या सांगते" म्हटलं आणि तो उद्या काही आला नाही. यंदा त्या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या हाताला लागलं पाहिजे. काय घेऊ?

उद्यमनगरकर
ताई, स्पष्ट सांगतो, ६०० मध्ये काही येत नाही. मी पोराला ३,२०० चा किट आणला. सोलर पॅनल, मोटर, पंखा, दिवे, सगळं पेटीत मिळतं. पोरगं दोन महिने त्यातनं उठलं नाही. वस्तू घ्यायची तर एकदाच चांगली घ्यावी.

निळी_सायकल
असलाच किट आमच्याकडंही आला होता. तिसऱ्या दिवशी मोटरची तार तुटली, डाग देऊन आणली, परत तुटली. ३४ पोरांच्या हातात तो एक तासही टिकणार नाही.
भंगारवाल्याकडनं जुन्या सायकलचा डायनामो घ्या. सायकल उलटी उभी करा, पॅडल हातानं फिरवा. दिवा न जोडता आधी फिरवायला द्या, मग दिवा जोडून द्या. चाक लगेच जड लागतं. उजेड फुकट येत नाही हे पोराच्या दंडालाच कळतं.

तालमीतला
डायनामो लई भारी. पण बाई, पोरांना ऊर्जा म्हणजे शक्ती हे आधी सांगा. आमचे वस्ताद सांगायचे, खुराक पोटात गेला तरच शक्ती येते. दूध, बदाम, तूप. एवढं सांगितलं तरी निम्मा धडा झाला.

निवृत्त_गुरुजी
तालमीतल्या भावाचं खुराकाचं बरोबर आहे, शब्दाचं नाही. विज्ञानात ऊर्जा वेगळी, शक्ती वेगळी. काम करायची क्षमता ती ऊर्जा, ते काम किती वेगानं होतं ती शक्ती. चौथीत हा घोळ झाला की दहावीपर्यंत निस्तरत बसावं लागतं. ३१ वर्षं निस्तरलाय.

तालमीतला
गुरुजी, व्यवहारात सगळे शक्तीच म्हणतात.

निवृत्त_गुरुजी
व्यवहारात म्हणू द्या. वर्गात नको.

लिंबूवाली_आई
लिंबाची बॅटरी करा! लिंबू, तांब्याची तार, जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि बारका एलईडी. १०० रुपयांत भागतं. माझ्या लेकाचा एका लिंबावर लागला नाही, रडून गोंधळ घातला त्यानं. मग कळलं की एका लिंबातून साधारण ०.९ व्होल्टच मिळतो आणि लाल एलईडीला पावणेदोन-दोन तरी लागतात. चार लिंबं एकामागोमाग जोडली, खोलीत अंधार केला, तेव्हा लागला. एलईडीचा लांब पाय तांब्याकडे जोडायचा.

निवृत्त_गुरुजी
छान प्रयोग. पण मुलांना "लिंबात वीज असते" असं सांगू नका. ऊर्जा झिजणाऱ्या जस्तातून येते, लिंबाचा रस फक्त वाट करून देतो. आणि त्या लिंबाचं सरबत कुणाला देऊ नका, त्यात धातू उतरलेला असतो.

भोगावतीकाठचा
एवढं कशाला, गाडी करा आणि राधानगरीला न्या. शाहू महाराजांचं धरण, सात स्वयंचलित दरवाजे, पाणी भरलं की विजेशिवाय आपोआप उघडतात. जलविद्युत केंद्रही तिथंच. ऊर्जा म्हणजे काय ते पोरांना त्या दरवाज्यांसमोर उभं केल्यावर कळेल. मी दर पावसाळ्यात जातो.

चौथीच्या_बाई
राधानगरी मलाही आवडतं, पण ३४ मुलांची गाडी ६०० मध्ये कशी होईल? आणि माझा प्रश्न तसाच राहिला. ऊर्जा जाते कुठे?

रंकाळ्याकाठी
बाई, मी वायरमन होतो, शिक्षक नाही. माझ्या नातीला मी असं सांगितलं. तांब्याभर उकळतं पाणी घे आणि रंकाळा तलावात ओत. उष्णता गेली का? नाही, सगळी रंकाळ्यातच आहे. आता त्या रंकाळ्यावर चहा करून दाखव. ऊर्जा संपत नाही, पसरते. पसरलेली गोळा करता येत नाही. म्हणून गोळा असलेली जपून वापरायची.
दुसरं, जिना. २५ किलोचं पोर ३ मीटरचा एक मजला चढलं की साधारण ७३५ ज्यूल होतात, ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप. तेवढ्यावर ९ वॉटचा बल्ब ८० सेकंद चालतो. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे तोच जिना जवळपास ४,९०० वेळा चढायचा. हे ऐकल्यापासनं नात स्वतः उठून पंखा बंद करते.
वर्गात २३० व्होल्टच्या प्लगला कुणाला हात लावू देऊ नका. जुनी मोबाइलची बॅटरी तर आणूच नका, माझ्यासमोर एक फुगून पेटली आहे.

निवृत्त_गुरुजी
जिन्यात आणखी एक आहे. शरीर खर्च करतं ते ७३५ च्या चौपट तरी. उरलेली उष्णता होऊन घामावाटे जाते.
रंकाळ्याच्या गोष्टीला इतिहासाची जोड देतो. १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञानं वजन खाली सोडून पाण्यात वल्ही फिरवली. ढवळून पाणी किंचित गरम झालं, ते त्यानं काटेकोर मोजलं. त्याच्याच नावावरून ज्यूल हे एकक आलं. वर्गात थर्मासमध्ये अर्धा थर्मास कोरडी वाळू भरा, आधी तापमान बघा, मुलांना आळीपाळीनं पाच-सात मिनिटं जोरात हलवू द्या, परत बघा. पारा चढतो. मी केलेला आहे.

उद्यमनगरकर
किटमध्ये थर्मामीटर पण येतो. ३,२०० आता २,९०० ला मिळतोय.

सासनेमैदान
लिंबाची बॅटरी करा, सोपी आहे, मुलांना आवडते.

चौथीच्या_बाई
सगळ्यांचे आभार. गुरुजींचा वाळूचा प्रयोग काल घरी केला. पारा जेमतेम दीड अंश चढला, हाताला काहीच कळेना. पण त्यावरून डोक्यात आलं आणि आज दुपारी पायलीभर ज्वारी घेऊन शाळेमागच्या गिरणीत गेले.
दळणाआधी ज्वारीत थर्मामीटर खुपसला, २८ अंश. खालून पीठ पडायला लागलं त्यात खुपसला, ४७. हात घातला तर चटका नाही, पण आंघोळीच्या पाण्यासारखं ऊन. घरी येऊन परातीत पसरलं, तासाभरानं परत २९. वीज आली, मोटर फिरली, दगड फिरला, दाणा फुटला, आवाज झाला, पीठ तापलं आणि ती ऊब माझ्या स्वयंपाकघरात पसरून गेली. आता त्या उबेवर गिरणी चालवून दाखवा, असं विचारता येईल. रंकाळ्याची गोष्ट त्याच्या आधी सांगीन.
तर किट नाही, लिंबू नाही, डायनामोही नाही. ज्वारी आणि दोन थर्मामीटर, लाल द्रवाचे, पाऱ्याचे नाहीत. ६०० मध्ये बसतं. गिरणीवाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत.

निळी_सायकल
डायनामो स्वस्तात मिळत होता. असो. पण बाई, पट्ट्याचं बघा. माझ्या मामाच्या गिरणीत एका बाईचा पदर अडकला होता. मुलींच्या वेण्या वर बांधा, ओढणी नको.

रंकाळ्याकाठी
३४ पोरं एकदम आत नेऊ नका. आणि स्विच काकांनीच चालू-बंद करायचा.

चौथीच्या_बाई
हो. ११, ११ आणि १२ असे गट केलेत, दोन पालक दारात थांबतील आणि पट्ट्याच्या बाजूला बाक आडवा लावायचाय. दुपारी तीनला जाणार, तेव्हा दळणाची गर्दी नसते. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता पाचवीत आहे, तिच्या बाईंना सांगून तिला तासापुरतं मागून घेतलंय. पिठातला थर्मामीटर ती वाचणार आहे.