मदत हवी आहे: बाबा ७८ वर्षांचे, गुदाशयाचा कॅन्सर, ऑपरेशनआधी ५ दिवसांचा शेक (रेडिएशन) की ५ आठवड्यांचा?

राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णीच्या पुढचा. बाबांना संडासावाटे रक्त जायचं. आठ महिने मुळव्याधीच्या पुड्या चालल्या, बोटानं कुणी तपासलंच नाही. शेवटी नागपूरला दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा तपासला, तर कॅन्सर. एमआरआयमध्ये टी ३, म्हणजे कॅन्सर आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेलेला, आणि बाजूच्या लसिका गाठींवर संशय. लिव्हर, फुप्फुसं साफ.

डॉक्टर म्हणाले, आधी शेक, मग ऑपरेशन. एक तर ५ दिवसांचा, नाहीतर ५ आठवड्यांचा आणि सोबत किमोच्या गोळ्या. सोमवारी सांगा म्हणाले. पाच आठवडे नागपुरात राहायचं तर खोली, डबा, सोबत माणूस. आणि इकडे कापूस वेचायला आलाय. बाबांना शुगर आहे, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.६. पण हेच बाबा पोळ्याआधी स्वतः वावरात डवरणी (पिकातली कोळपणी) करत होते. फाईलमधला म्हातारा अन् वावरातला म्हातारा दोन वेगळे वाटतात.

काका म्हणतात, "ह्या वयात बुढ्याचे हाल कायले करता?" बाबा एकच विचारतात, "पिशवी लागन का?" म्हणजे संडाससाठी पोटावर लावतात ती.

कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
माझी आई ७४ची, वर्ध्याकडची. ५ दिवसांचा घेतला. पाच दिवस काहीच नाही, आम्ही खूश होऊन घरी आलो. जुलाब आणि आग त्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाली. तेव्हा घरी येऊन बिनधास्त राहू नका, डॉक्टरांचा नंबर जवळ ठेवा. महात्मा फुले योजनेची मंजुरी आधी घ्यायची असते. रेशन कार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) भेटा.

प्रतिसाद २
मी रेडिएशन विभागात काम करतो. ५ दिवसांत रोज ५ म्हणजे एकूण २५ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) देतात. लांबच्या कोर्समध्ये २५ ते २८ वेळा मिळून ४५ ते ५० ग्रे, शनिवार-रविवार सुट्टी. सोबतची कॅपेसिटाबिनची गोळी किडनीवाटे बाहेर पडते, म्हणून १.६चा आकडा डॉक्टरांना आवर्जून दाखवा, डोस त्यावर ठरतो. लहान कोर्सला ही गोळी नसते, म्हणून वयस्करांना तो बरेचदा सुचवतात. पण गाठ ऑपरेशनच्या कडेला टेकली असेल तर ती आधी आक्रसायला हवी, मग हिशोब बदलतो. एमआरआय रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं असतं, ते विचारा.

लहान कोर्सनंतर ऑपरेशन आठवड्याभरात करतात किंवा ४ ते ८ आठवडे थांबून. स्वीडनमधल्या २०१७ साली छापलेल्या अभ्यासात थांबलेल्यांना ऑपरेशननंतरचा त्रास कमी झाला होता. काहींची गाठ शेकानं पूर्ण विरते, तेव्हा ऑपरेशन न करता नजर ठेवतात. मात्र त्यासाठी दर थोड्या महिन्यांनी दुर्बीण, एमआरआय चुकवता येत नाही.

आणि काकांना सांगा, नुसतं वय पाहून ठरत नाही. चालतात किती, जेवतात किती, स्वतःचं स्वतः करतात का, हे बघतात. डवरणीचं डॉक्टरांना सांगितलंत का?

धागाकर्ता
नाही सांगितलं हो. मी फक्त शुगर-बीपी सांगत बसलो. रिपोर्ट आता काढून पाहिला: कड मोकळी लिहिली आहे, पण गाठ गुदद्वारापासून ४ सेंटीमीटरवर. म्हणजे पिशवीचं काय ते सर्जनलाच विचारावं लागेल. बाबांना मी अजून म्हणतोय, "पाहू."