घरामागे ठरलेली रक्कम मिळते, मजुरी रास्त आहे का कसं ओळखायचं?

सफाईचं काम एका कंत्राटदाराकडे आहे. दिवसाला ३ घरं, प्रत्येकी २ तास धरलेत. मधला प्रवास आणि साबण-फडकी माझ्याच खर्चाने. वाढ कशाच्या आधारावर मागू?

उत्तर १
आधी तासाचा खरा दर काढा. कागदावर ६ तास दिसतात. दोन घरांमधला प्रवास ४० मिनिटांचा असेल, तर दोन फेऱ्या धरून ७ तास २० मिनिटं होतात, म्हणजे दर सुमारे १८ टक्क्यांनी घसरला. त्यातून सामानाचा खर्च वजा करा. उरलेला आकडा किमान वेतनाखाली गेला तर ही साधी पगारवाढीची मागणी राहत नाही, तो हक्काचा प्रश्न होतो.

उत्तर २
मला तर २ तासांचा अंदाजच खटकतो. तो खोल्या मोजून बांधतात, घराची अवस्था बघून नाही. टाइलवरचे क्षारांचे डाग किंवा ओव्हनची जळकी चिकटी निघायला द्रावण मुरू द्यावंच लागतं. पहिल्यांदा होणाऱ्या सफाईचा दर वेगळाच हवा. दोन आठवडे पोचल्याची-निघाल्याची वेळ आणि सांगितलेलं जादा काम वहीत लिहा, सुरुवातीचा फोटो मालकाला तेव्हाच पाठवा. नंतर दाखवलेल्या फोटोवर वाद होतो.

उत्तर ३
ऐनवेळी रद्द झालेलं घर आणि तक्रारीनंतरची फुकट फेरसफाई, या दोन्हींचं काय ते मेसेजवर लेखी घ्या. पैसे बहुतेक तिथेच बुडतात.