मदत हवी आहे: सरांनी अपिलाची मुदत घालवली, आता पक्षकाराच्या नावावर खोटं ॲफिडेव्हिट?

तालुका कोर्टात चार वर्षं ज्युनियर आहे. आमचे सर मुरलेले दिवाणी वकील. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्या तेव्हापासून मात्र बिघडलंय. मॅटर पुकारलं तरी बार रूममधून उठत नाहीत, फोन घेत नाहीत. मी मुदतीचे अर्ज देऊन वेळ मारून नेते.

वाटणीचा एक दावा विरोधात गेला. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस. अपिलाचा मेमो टाईप करून सरांच्या टेबलावर ठेवला, तो तिथेच राहिला. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा केले तरी दोन महिने वर झालेत. पक्षकार आबा दर सोमवारी बाजाराला आले की विचारतात, "लागलं का अपील?" मी म्हणते, सर बघतायत. म्हणजे खोटं माझ्यापासूनच सुरू झालं.

परवा सर म्हणाले, विलंब माफीच्या अर्जात आबांना टायफॉईड झाला होता असं लिही. आबा ठणठणीत आहेत. पण सरांनी सांगितलं म्हटल्यावर न वाचता सही करतील, तेच खुपतंय.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर सर म्हणतात, "गावात कळलं तर केस कोण देईल?" खरं कारण लिहिलं तर त्यांचा आजार रेकॉर्डवर. मला त्यांची तक्रार करायची नाही. रात्री तीनला उठून डायरीतल्या तारखा तपासत बसते. काय करू?

प्रतिसाद: खोटं ॲफिडेव्हिट अजिबात नको. आबा शपथेवर अडकतील, तुम्हीही. विलंब माफीसाठी मुदत कायद्याच्या कलम 5 ला 'पुरेसं कारण' लागतं. वकिलांची प्रकृती बरी नव्हती, एवढं लिहा; आजाराचं नाव घालू नका. सरांचं स्वतःचं ॲफिडेव्हिट मात्र जोडा. रफीक वि. मुन्शीलाल (1981) वाचा, वकिलाच्या चुकीपायी निर्दोष पक्षकार भरडला जाऊ नये असं सर्वोच्च न्यायालय म्हणतं. तरी त्याच्या भरवशावर आणखी आठवडा घालवू नका. आधी आबांना खरं सांगा, दुसरा वकील हवा असेल तर तो त्यांचा हक्क. सरांना 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 23 दाखवा, उपचारांची गोपनीयता त्यात आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे. तुम्हीही लावा.

धागाकर्ती: कलम दाखवलं. सर बेअर ॲक्ट (कायद्याची मूळ संहिता) उघडून बराच वेळ वाचत बसले. टायफॉईडचा मसुदा मी फाडलाय. उद्या सोमवार, आबा येतील.