रीड डिफ्यूझरचा वास चार दिवसांत गायब होतोय, मदत हवी आहे

आंबटचुका:
नमस्कार मंडळी, ठाण्यात पहिल्या मजल्यावर राहतो, मागे झाडं आणि कंपाउंडची भिंत, त्यामुळे ऊन म्हणाल तर सकाळी जेमतेम तासभर. पाऊस सुरू झाला की हॉलमध्ये कुबट वास भरून राहतो आणि बेडरूमचं कपाट उघडलं तर विचारूच नका. त्यात पावसाळ्यात ताजी मासळी नसते म्हणून आमच्याकडे सुके बोंबील, सुकट, जवळा हे सगळं जोरात चालू असतं (ते बंद करा हा सल्ला कृपया देऊ नये, घरात बंड होईल). आधी उदबत्ती, धूप लावायचो पण साबांना (सासूबाईंना) दमा आहे, धूर झाला की खोकल्याची उबळ थांबत नाही, स्प्रे मारला तरी तेच. म्हणून बिनधुराचं काहीतरी म्हणून रीड डिफ्यूझर आणला (सुगंधी तेलाच्या बाटलीत काड्या उभ्या ठेवायच्या, वास आपोआप पसरतो), लेमनग्रासचा, १०० मिलीची काचेची बाटली आणि आठ काड्या. पहिले चार दिवस दार उघडल्या उघडल्या काय दरवळ यायचा! आता बाटलीत नाक घातलं तरच वास येतो, पण तेल मात्र अर्ध्यावर आलंय, म्हणजे जातंय कुठे ते? काड्या उलट्या करायच्या असतात म्हणे, किती वेळा? आणि हे संपल्यावर घरीच खोबरेल तेलात इसेन्शियल ऑइल घालून बाटली भरली तर चालेल का, कारण रिफिल जवळजवळ नवीन बाटलीच्या किमतीत आहे. घरात एक बोका पण आहे, तो सगळीकडे चढतो.

शनिवारवाडी:
ठेवलाय कुठे ते सांगा आधी. पंख्याखाली असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

आंबटचुका:
टीव्हीच्या शोकेसवर. पंखा बरोबर वर नाही पण वारा लागतो, आणि पंखा आमच्याकडे दिवसरात्र चालू असतो.

टेकडीवाला:
सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, जाहिरात कुणाचीच करणार नाही.

या काड्या वेताच्या असतात. वेतात टोकापासून टोकापर्यंत बारीक नळ्या असतात, त्यातून तेल आपोआप वर चढतं, समईच्या वातीत चढतं तसंच, आणि वरच्या टोकाकडून हवेत उडून जातं. बांबूला पेरं असतात, तिथे ही वाट अडते, म्हणून स्वस्त सेटमधल्या बांबूच्या काड्या नुसत्या शोभेला उभ्या असतात. हल्ली कृत्रिम धाग्याच्या काळ्या-पांढऱ्या काड्याही मिळतात, त्या चांगलं काम करतात. तुमच्या काड्या चालू आहेत का ते बघायचं असेल तर एक काडी काढून वरचं कोरडं टोक टिश्यूवर दाबून धरा, तेलाचा डाग उमटला तर काडी जिवंत, नाही उमटला तर धूळ आणि घट्ट झालेलं तेल बसून ती बुजली आहे, मग उलटी करा नाहीतर सरळ करा, फरक पडणार नाही, नवीन आणा. बुजलेल्या काड्या धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका.

आता तेल अर्ध्यावर का, तर पंखा. वारा जितका जास्त तितकं तेल पटापट उडतं आणि वास एका जागी न राहता खिडकीतून शेजाऱ्यांना फुकट मिळतो. १०० मिली साधारण दोन-तीन महिने चालायला हवं. एसीचा झोत आणि ऊन पण टाळा.

शिवाय लेमनग्रास, लिंबू, संत्रं हे हलके वास, पटकन उडतात. चंदन, वाळा, पॅचुली हे जड, ते मागे राहतात पण स्वतः लांबवर पसरत नाहीत. त्यामुळे मिश्रणाच्या बाटलीतला वास महिन्याभराने बदललेला वाटतो, ती फसवणूक नाही, हलकं आधी गेलं इतकंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वास कदाचित गेलेलाच नाही. एकाच वासात सतत राहिलं की नाक तो कळवणं बंद करतं. बाहेरून दोन-तीन तासांनी आलात की येतो का बघा, किंवा आलेल्या पाहुण्यांना विचारा.

काड्या आठवड्यातून एकदा उलट्या करा, तेही सिंकवर धरून, कारण उलटताना थेंब पडतात. वास उग्र वाटला तर काड्या कमी करायच्या, आठच्या आठ लावायलाच हव्यात असं काही नाही.

शनिवारवाडी:
+१. आणि बाटलीखाली चिनी मातीची बशी ठेवा!! आमच्या सागवानी टेबलाचं पॉलिश एका ओघळाने उठलं, पांढरं कडं आलंय, वर हात फिरवला तर चिकट लागतं. त्या तेलातलं सॉल्व्हंट पॉलिश, पेंट, काही प्लास्टिक सगळं विरघळवतं.

आंबटचुका:
अरे देवा, आत्ता बाटली उचलून पाहिली, खाली गोल डाग आहेच. नवऱ्याला सांगितलेलं नाही अजून. बरं, खोबरेल तेलाचं काय?

टेकडीवाला:
खोबरेल अजिबात नको. एक तर जाड, काडीत नीट चढत नाही, २४-२५ अंशांच्या खाली थिजायला लागतं, आणि कालांतराने खवट वास मारतो तो वेगळाच. बदाम तेल, तिळाचं तेल असं थिजत नाही, पण जाडपणाची आणि खवटपणाची कथा तीच. पाणी तर नकोच, तेल वर तरंगत राहतं. बाजारातल्या बाटल्यांत डायप्रोपिलीन ग्लायकॉल नाहीतर तसलंच जवळजवळ बिनवासाचं द्रव असतं, धंद्यात डीपीजी म्हणतात. त्यात साधारण २० ते ३० टक्के सुगंध घालायचा. एकदा थोडं करून काचेच्या ग्लासात रात्रभर ठेवा, गढूळ झालं किंवा दोन थर दिसले तर ते दोन एकमेकांत मिसळत नाहीत, बाटलीत भरू नका. मुंबईत मस्जिद बंदरला वडगादीच्या आसपास हा माल सुटा मिळतो.

मनीची_आई:
थांबा थांबा, बोक्याकडे कुणीच बघत नाहीये. मांजरांच्या यकृतात ही द्रव्यं निकामी करणारं एक एन्झाइम फारच कमी असतं, त्यामुळे माणसाला काही होत नाही अशा प्रमाणातही त्यांना त्रास होतो. टी ट्री, निलगिरी, पेपरमिंट, दालचिनी, लवंग, लिंबूवर्गीय हे सगळे वाईट, लेमनग्रास पण त्यातच धरा. नुसत्या वासापेक्षा सांडलेलं तेल जास्त धोक्याचं, कारण पायाला, केसाला लागलं की ते चाटूनच साफ करणार. लाळ गळणं, उलटी, झोकांड्या असं काही दिसलं तर घरगुती उपाय नाही, सरळ व्हेट, आणि बाटलीवरचं लेबल बरोबर न्या. शोकेसवर चढणारा बोका असेल तर माझं स्पष्ट मत, डिफ्यूझर नको. रांगतं बाळ असलेल्या घरातही नको.

दम्याचं पण तेच. धूर नाही म्हणजे निर्धोक असं नाही, सुगंध हवेतच उडतो आणि काही दमेकऱ्यांना तेवढंही पुरतं. सासूबाईंच्या खोलीत तरी नकोच, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

घाटावरचा_कोकणी:
तुम्ही कुबट वासावर लेमनग्रास ओतताय, ताई. डिफ्यूझर वास काढत नाही, त्यात आणखी एक वास मिसळतो. कुबट म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे ओल, आणि ओल कुठून तरी येतेय. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि मागे बॅटरी मारून बघा, फुगलेला रंग, काळे ठिपके, पापुद्रे काहीतरी दिसेल. भिंतीपलीकडे पाइप असेल तर नव्वद टक्के तोच. कपाटात ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा, खाली पाणी साठलेलं दिसेल, ते कपड्यांवर सांडू देऊ नका. जे बाथरूम रोज वापरत नाही तिथल्या नहाणीत दोन तांबे पाणी ओता, ट्रॅपमधलं (जाळीखालच्या वळणातलं) पाणी सुकलं की गटाराचा वास घरात येतो आणि लोक दोष पावसाला देतात.

सुक्या बोंबलावर माझा पूर्ण पाठिंबा आहे. मासळीचा तो वास अमाइन्सचा, म्हणजे अल्कधर्मी, त्यावर आंबटच चालतं. ओटा, तवा, शेगडीमागच्या टाइल्स लिंबू नाहीतर व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, मासळी भाजायच्या आधीपासून चिमणी चालू ठेवा.

शनिवारवाडी:
कपाटात डांबर गोळ्या पण चालतील ना?

मनीची_आई:
नको! नॅफ्थलीन आहे ते, दम्याच्या माणसाच्या घरात तर नकोच, आणि गोळी पोटात गेली तर लहान मुलांना विषबाधा होते. कापूर पण जपून, तोही पोटात गेला तर वाईट.

आंबटचुका:
धन्स सगळ्यांना. कपाट आज दोघांनी मिळून ओढलं, मागे हातभर काळं पसरलंय आणि बरोबर तिथेच बाहेरून वरच्या मजल्याच्या बाथरूमचा पाइप उतरतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना फोटो पाठवलेत, प्लंबर शनिवारी येतो म्हणालेत, भर पावसात बाहेरून कितपत काम होईल देव जाणे. डिफ्यूझर घट्ट बूच लावून ठेवून दिलाय, काड्या टाकल्या. साबांचं म्हणणं कुंडीत गवती चहा लाव, पानं चुरडली की झालं, पण मनीची_आई, बोका कुंडीतलं गवत खातोच, मग तो पण नको का?

मनीची_आई:
तो पण नको. त्याच्यासाठी गहू पेरा एका कुंडीत, आठवड्यात उगवतो.

टेकडीवाला:
शोकेसच्या डागाला घरी काही लावू नका, पॉलिशवाल्यालाच दाखवा. थिनर तर नकोच, डाग दुप्पट होईल.