कॅनडातील कृष्णवर्णीय समाजाच्या संस्थांपर्यंत निधी का पोहोचत नाही?

प्रश्न
टोरांटोजवळ सोमालिया, नायजेरिया आणि जमैका येथून आलेल्या कुटुंबांनी एका चर्चच्या तळघरात शनिवारचा अभ्यासवर्ग चालवला आहे, आणि दोन वर्षांपासून मी त्यांचा हिशेब लिहितो. गेल्या वर्षी अनुदानातून बारा टॅब्लेट मिळाले, परंतु भाडे आणि हीटिंग त्या अनुदानात बसत नसल्यामुळे जानेवारीत मुले अंगावरचे जाड कोट न काढताच नव्या टॅब्लेटवर गणिते सोडवत होती. संस्थेच्या अध्यक्षा दिवसभर वृद्धाश्रमात काम करून रात्री अकरानंतर अर्ज भरायला बसतात. निधी जाहीर झाल्याचे आपण वाचतो. मग तो अडतो कोठे?

उत्तर १
पहिला अडसर नोंदणीचा आहे. आपल्याकडे धर्मादाय आयुक्त असतात, तर तेथे धर्मादाय दर्जा महसूल विभाग देतो, आणि प्रतिष्ठानांना, म्हणजे इतर संस्थांना अनुदान देणाऱ्या संस्थांना, आपला पैसा प्रामुख्याने असा दर्जा असलेल्या संस्थांनाच देता येत असे. दर्जा नसलेल्या गटाला एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली, तिच्या नियंत्रणात राहून काम करावे लागे. २०२२ मध्ये कायदा सैल झाला, तरी हिशेब आणि अहवालांची जबाबदारी उरतेच, आणि ती पेलायला पगारी माणूस लागतो. २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘अनफंडेड’ अहवालाने मोठ्या प्रतिष्ठानांची २०१७ आणि २०१८ मधील अनुदाने तपासली, तेव्हा दर शंभर डॉलरमागे कृष्णवर्णीयांची सेवा करणाऱ्या संस्थांना सत्तर सेंट आणि कृष्णवर्णीयांच्याच नेतृत्वाखालील संस्थांना अवघे सात सेंट मिळाल्याचे दिसले. हा आकडा वाचून मी फार अस्वस्थ झालो होतो.

उत्तर २
सरकारी निधीबाबत एक गैरसमज दूर करावासा वाटतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेले २० कोटी डॉलर वाटून टाकण्यासाठी नाहीत. तो कायमनिधी आहे, म्हणजे रक्कम गुंतवून तिच्या उत्पन्नातून अनुदाने द्यायची, आणि २०२३ मध्ये ‘फाउंडेशन फॉर ब्लॅक कम्युनिटीज’ या संस्थेची तो सांभाळण्यासाठी निवड झाली. मुद्दल राखायचे म्हटले, तर वर्षाला पाच टक्के धरले तरी साऱ्या देशासाठी एक कोटीच हाती येते. शिवाय २०२१ च्या जानेवारीत दुसऱ्या एका सरकारी योजनेत अनेक संस्थांना, त्यांचे नेतृत्व कृष्णवर्णीय असल्याचे पुरेसे स्पष्ट होत नाही, असे कळवून अनुदान नाकारण्यात आले होते. स्वतः त्या खात्याच्या मंत्र्यांनीच ते अस्वीकारार्ह ठरवले. स्वतःच्या समाजासाठी वर्षानुवर्षे खपलेल्या माणसांना असे पत्र वाचावे लागणे मला अपमानास्पद वाटते.

उत्तर ३
पुढच्या अर्जात भाडे आणि हीटिंग ‘प्रशासकीय खर्च’ या सदरात टाकू नका. वर्गाच्या तासांच्या प्रमाणात त्यांचा हिस्सा काढून तो कार्यक्रमाच्या खर्चात दाखवता येईल का, हे अर्जाची मुदत संपण्यापूर्वी निधी देणाऱ्यांना लेखी विचारा आणि त्यांचे उत्तर जपून ठेवा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. चर्चकडून हीटिंगचे बिल शनिवारपुरते वेगळे करून मागतो आणि आजच पत्र लिहितो. अध्यक्षांची तेवढी एक रात्र तरी वाचेल.