लिगलवाले आमचं तांत्रिक परिशिष्ट का वाचतात?

डिझाइनवाली:
आंतरराष्ट्रीय इंजिनिअरिंग कंपनीत डिझाइन विभागात आहे. परदेशातल्या एका टेंडरचं काम चालू आहे. कराराच्या अटी लिगल टीमने तपासायच्या, हे मान्य. पण यावेळी त्यांनी तांत्रिक परिशिष्टही मागवून घेतलं आणि 'आयुर्मानाची हमी', 'सर्व दृष्टींनी योग्य' अशा शब्दांखाली रेघा मारून परत पाठवलं. डिझाइन कोणत्या मानकानुसार करायचं ते ठरलेलं आहे. मग मुदत तोंडावर आलेली असताना वकिलांनी यात का शिरावं?

करारनामा:
मी अशाच कंपनीच्या लिगल टीममध्ये आहे आणि माझ्या मते आमचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

रॉबिन रिग या समुद्रातल्या पवनऊर्जा प्रकल्पाचं उदाहरण घ्या. ठेकेदार एमटी होयगार्ड, मालक ई.ऑन. पायाचे ग्राउट (सिमेंटसारखं घट्ट होणारं मिश्रण) भरलेले जोड डीएनव्ही या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जे१०१ या मानकानुसार डिझाइन केले होते. चूक मानकातच होती. एका समीकरणातलं मूल्य सुमारे दहापटीने चुकलं होतं, त्यामुळे जोडाची क्षमता प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त दिसायची. जोड सरकू लागले. दुरुस्तीचा खर्च २ कोटी ६२.५ लाख युरो.

ठेकेदाराचा हलगर्जीपणा नव्हता. तरीही ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खर्च त्याच्याच माथी मारला. का, तर पायाच्या डिझाइनने २० वर्षांचं आयुर्मान साधलं पाहिजे, अशी अट मालकाच्या तांत्रिक गरजांमध्ये होती. मानक पाळणं ही किमान अपेक्षा, आणि दोन अटींत फरक पडला तर जास्त कडक अट लागू, असा न्यायालयाने अर्थ लावला. हे वाक्य कराराच्या मुख्य अटींत नव्हतं, तुमच्यासारख्या इंजिनिअरच्या हाताखालून जाणाऱ्या पानांत होतं. म्हणून ती पानं आम्हाला वाचायचीच असतात.

त्यात विम्याचाही प्रश्न येतो. व्यावसायिक जबाबदारीचा विमा साधारणपणे हलगर्जीपणासाठी असतो. परिणामाची हमी दिली की ती बऱ्याचदा विम्याच्या बाहेर जाते आणि भरपाई कंपनीच्या खिशातून होते.

साइटवरून:
टेंडर जिंकल्यावरही लिगलला सोडू नका. फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ आणि २०१७ च्या नमुना करारांत, क्लेमचं कारण कळल्यापासून किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते. उशीर झाला तर मुदतवाढ आणि पैसे, दोन्हींवरचा हक्क जाऊ शकतो. आमच्याकडे ड्रॉइंग उशिरा आलं की त्याच दिवशी लिगलला मेल जातो. मीटिंगमध्ये तोंडी सांगितलं म्हणजे नोटीस झाली असं धरून चालू नका.

डिझाइनवाली:
रॉबिन रिगचं माहीत नव्हतं. मग रेघा मारलेल्या वाक्यांचं करायचं काय? मालक ती काढू देईल असं वाटत नाही.

करारनामा:
काढता आली नाहीत तरी बदल सुचवता येतात. हमीच्या जागी 'वाजवी कौशल्य आणि काळजी' मागून बघा. मालक अडून बसला तर एकूण जबाबदारीवर कमाल मर्यादा घाला, कागदपत्रांचा प्राधान्यक्रम (दोन कागदांत फरक असेल तर कोणता धरायचा) स्पष्ट लिहून घ्या आणि उरलेली जोखीम किमतीत धरा. त्या हमीपैकी तांत्रिकदृष्ट्या किती पेलवेल, हे मात्र आम्हाला कळत नाही, ते तुम्हीच सांगायचं. उद्याच तुमच्या लिगल टीमशेजारी बसून एकेक वाक्य बघा. शेवटच्या दिवशी परिशिष्ट हातात आलं तर आम्हाला नुसत्या रेघाच मारता येतात.