पालकसभेआधी हजेरीपट बघा

मुलांची शाळेतली गळती रोखायला गावात मोठी पालकसभा घ्यावी, ही सूचना ठीक; पण ज्यांचं मूल शाळा सोडायच्या बेतात आहे, नेमके तेच पालक सभेला येत नाहीत. हजेरीपट काढा. शाळेच्या २० दिवसांत २ गैरहजेऱ्या, म्हणजे १० टक्के दिसले की त्याच आठवड्यात घरी जा. शिक्षकाबरोबर वस्तीतली एखादी ओळखीची बाई पुरे. पाच-सहा जण गेले की झडती वाटते. "का येत नाही?" विचारलं तर "आजारी होता" एवढंच ऐकायला मिळतं. "शाळेच्या वेळात घरी काय करतो?" असं विचारा, मग धाकटं भावंड, गुरं, लांबचा रस्ता हे बाहेर येतं. उपाय त्या कारणापुरताच: भावंडासाठी पाळणाघर, रस्त्याला सोबत. सरसकट वह्यावाटपाने (फोटो छान येतात) यातलं काही सुटत नाही. परतलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास मात्र लगेच भरून काढा. वर्गात काही कळेनासं झालं की ते पुन्हा घरी बसतं.